उजवा गुडघा गेला, डावा टिकला: पोळी-भाजी केंद्रवाल्या काकूंची केस

पार्श्वभूमी

सांगली जिल्ह्यातलं एक तालुक्याचं गाव, तिथं पोळी-भाजी केंद्र चालवणाऱ्या काकू, वय ५८. नाव-गाव देत नाही, एकदोन तपशील बदललेत, आणि त्यांना विचारूनच लिहितेय. मी फिजिओथेरपिस्ट. माझ्याकडं त्या आल्या तोवर प्रकरण बरंच पुढं गेलं होतं, त्यामुळं आधीचं सगळं त्यांच्या तोंडून आणि पिशवीतल्या कागदांवरून जुळवलंय. (आपल्याकडं पेशंटची हिस्ट्री फाइलमध्ये कमी आणि साडीच्या दुकानाच्या पिशवीत जास्त असते.)

रोजचं काम म्हणजे पहाटे साडेपाचला कणीक, मग दोनअडीचशे पोळ्या, आणि ह्या सगळ्या खाली बसून. शेगडी जमिनीवर, पोळपाट समोर, एक मांडी घातलेली आणि एक गुडघा उभा. मधेमधे डबे भरायला उठायचं, परत बसायचं. वीस वर्षं असंच. वजन ८१ किलो, उंची पाच फुटाच्या आसपास, म्हणजे बीएमआय ३५. शुगर नाही, बीपीची गोळी चालू. डावा गुडघा सातआठ वर्षांपासून कुरकुरायचा, थंडीत जरा जास्त, पण काम कधी अडलं नव्हतं. उजव्याची तर तक्रारच नव्हती, हे लक्षात ठेवा.

मे महिन्यात एका लग्नात पंगतीतून उठताना उजव्या गुडघ्याच्या मागच्या बाजूला आवाज आला. "कट्ट झालं बघा मॅडम, शेजारच्या बाईला पण ऐकू गेलं." त्या दिवशी लंगडत घरी आल्या, दोन दिवस सूज, मग सूज थोडी उतरली आणि काम परत सुरू.

अडचण काय होती

पहिला एक्स-रे निघाला तो झोपवून. त्यात सांध्यातली गॅप ठीकठाक दिसत होती, वयाप्रमाणे थोडी झीज असं म्हणून गोळ्या दिल्या. गोळ्या म्हणजे असेक्लोफेनॅक आणि पॅरासिटामॉल एकत्र असलेली, जी नंतर काकू मेडिकलमधून स्वतःच आणत राहिल्या, पट्टीवर पट्टी. जुलैत गुडघ्यात स्टेरॉइडचं इंजेक्शन, पाचसहा आठवडे एकदम मस्त. नोव्हेंबरात दुसऱ्या ठिकाणी दुसरं इंजेक्शन, ह्या वेळी आराम जेमतेम तीन आठवडे.

जानेवारीत माझ्याकडं आल्या तेव्हा रात्री कूस बदलली तरी जाग यायची. दुखणं दहापैकी आठ. खुर्चीवरून हात न टेकता अर्ध्या मिनिटात किती वेळा उठता-बसता येतं ही आमची साधी टेस्ट, त्यात सहा वेळा. उजवा पाय धनुष्यासारखा बाहेर वाकायला लागला होता, आणि हे गेल्या सहा महिन्यांतलं, मुलाच्या लग्नाच्या फोटोत पाय सरळ दिसत होता. सूज हाताला लागत होती, पाणी भरलेलं.

उभं राहून काढलेला एक्स-रे मागवला आणि तिथंच पहिला धक्का. उजव्या गुडघ्यात आतल्या बाजूची गॅप जवळजवळ संपलेली. डाव्यातही ग्रेड तीनचा आर्थ्रायटिस होता, हाडाची टोकं वाढलेली, गॅप कमी. पण डावा दुखतच नव्हता फारसा! केलग्रेन आणि लॉरेन्स यांची एक्स-रेवरून झीज मोजणारी ० ते ४ ही ग्रेडिंग १९५७ पासून वापरात आहे आणि अजूनही रिपोर्टवर तीच येते, पण त्या आकड्यात दुखणं मोजलेलं नसतं. ग्रेड तीनवाला माणूस शेतात नांगरटीला जातो आणि ग्रेड दोनवाली बाई जिना चढू शकत नाही, असं आम्ही रोज बघतो.

मग एमआरआय. ऑर्थोपेडिक सर्जननी सांगितला, आणि उत्तर त्यात होतं: आतल्या बाजूच्या मेनिस्कसचं (गुडघ्यातल्या दोन हाडांमधली गादी) मागचं मूळ तुटलेलं, मेनिस्कस सांध्यातून बाहेर सरकलेला, आणि त्याच्या खालच्या हाडात सूज. लग्नातला तो आवाज ह्याचाच.

आत काय चाललं होतं

इथं जरा थांबून सांगते, कारण पुढचे निर्णय ह्याच्यावरच झाले, आणि काकूंना मी हे मटकीवरून समजावलं होतं. भिजवलेली मटकी फडक्यात घट्ट बांधून ठेवली की मटकी फुगायला बघते आणि फडकं तिला फुगू देत नाही, त्या ताणामुळं पुरचुंडी कडक लागते, दाबली तरी दबत नाही. हाडाच्या टोकावरची कूर्चा साधारण अशीच टिकून असते. तिच्यात ७० ते ८० टक्के पाणी. पाणी ओढून धरणारा रेणू म्हणजे अ‍ॅग्रिकन, त्याच्यावर ऋण भार असतो म्हणून तो पाणी खेचतो आणि फुगायला बघतो. त्याला आवळून धरणारं जाळं म्हणजे टाइप २ कोलॅजन. हे सगळं बनवणाऱ्या पेशी फक्त दोनेक टक्के जागेत, एकमेकींपासून लांब लांब. रक्तवाहिनी नाही, नसही नाही. खाणं मिळतं ते सांध्यातल्या द्रवातून, आणि वजन पडलं, उठलं, परत पडलं की ते आत जातं.

आता बिघाड कसा होतो. आधी अ‍ॅग्रिकन कापणारी एन्झाइम्स वाढतात, अ‍ॅडॅम-टीएस ४ आणि ५ अशी त्यांची नावं. इथपर्यंत गेलं तरी परत भरून निघायला थोडा वाव असतो कारण अ‍ॅग्रिकन पेशी नव्यानं बनवू शकतात. खरा घोटाळा पुढं होतो, एमएमपी-१३ नावाचं एन्झाइम कोलॅजनचं जाळंच कापायला लागतं तेव्हा. कूर्चेतल्या कोलॅजनचं आयुष्य हिशेबानं शंभर वर्षांच्या वर निघतं, म्हणजे मोठेपणी ते जवळजवळ बदललंच जात नाही. फडकं फाटलं की मटकी सैल होते, सुरुवातीला कूर्चेतही पाणी उलट वाढतं आणि ती मऊ पडते, मग वरचा थर तुसासारखा सुटतो, भेगा पडतात, त्या खोल जातात. पेशी घाबरल्यासारख्या पुंजके करून वाढतात, पण बनवतात ते आधीच्या दर्जाचं नसतं, आणि वर तोडणारी एन्झाइम्स त्याच सोडत असतात. तुकडे द्रवात पडले की सांध्याचं अस्तर सुजतं, ते अजून दाहक रसायनं सोडतं. खालचं हाड घट्ट होतं, कडेला टोकं फुटतात.

म्हणजे निव्वळ घासून घासून संपण्याचा हा प्रकार नाही. आणि कूर्चेला नसच नाही म्हटल्यावर दुखतं काय? दुखतं अस्तर, खालचं हाड, सांध्याची पिशवी, स्नायूंचे जोड. काकूंच्या डाव्या गुडघ्यात कूर्चा कमी होती पण अस्तर शांत आणि हाड शांत. उजव्यात दोन्ही पेटलेले.

उजवा इतक्या झपाट्यानं का गेला ते मेनिस्कसमुळं. मेनिस्कस गोल कड्यासारखा असतो, दोन्ही टोकं हाडाला पक्की असतात म्हणून वजन पडलं की तो पसरत नाही आणि भार वाटून घेतो. मूळ तुटलं की तो नुसताच बाहेर सरकतो. मृतदेहांच्या गुडघ्यांवर केलेल्या प्रयोगांत मूळ तुटलेल्या गुडघ्यातला दाब मेनिस्कस पूर्ण काढून टाकलेल्या गुडघ्याइतकाच भरला होता. चालताना तसाही निम्म्याहून जास्त भार आतल्या बाजूवर असतो, त्यात ८१ किलो, त्यात खाली बसून उठणं. पाय बाहेर वाकला की भार अजून आत सरकतो, आणि भार सरकला की पाय अजून वाकतो. सहा महिन्यांत फोटो बदलला तो असा.

कोणकोणते पर्याय होते

घरच्यांची बैठक माझ्याच क्लिनिकमध्ये भरली म्हणायला हरकत नाही. मुलगा पुण्याहून आला होता, त्याचं म्हणणं सरळ: दोन्ही गुडघे एकदम बदलून टाकू, एकदाच सुट्टी, एकदाच खर्च. सुनेनं मोबाईलवर प्लेटलेटच्या इंजेक्शनची माहिती काढली होती, कूर्चा परत वाढते म्हणून. जाऊबाई ग्लुकोसामाइनचा, म्हणजे सांध्यांसाठी घेतात त्या पूरकाचा, डबाच घेऊन आल्या होत्या. आणि आधीच्या एका डॉक्टरांनी सांगितलेलं, तिसरं इंजेक्शन घेऊन टाका, सीझन निघून जाईल. काकू गप्प. त्यांना फक्त एवढंच माहीत होतं की केंद्र बंद राहिलं तर गिऱ्हाईक दुसरीकडं जातं.

तिसऱ्या इंजेक्शनवर सर्जन आणि मी एकमतानं नाही म्हटलं. २०१७ साली एक ट्रायल आली होती, १४० पेशंट, गुडघ्यात सूज असलेलेच, दोन वर्षं दर १२ आठवड्यांनी निम्म्यांना ट्रायमसिनोलोन हे स्टेरॉइड आणि निम्म्यांना नुसतं सलाइन. दुखण्यात फरक निघाला नाही, पण स्टेरॉइडवाल्यांची कूर्चा जास्त कमी झाली. एखादं इंजेक्शन वाईट असं नाही, जुलैतलं मी चुकीचं म्हणणार नाही. पण मूळ तुटलेल्या गुडघ्यात दुखणं दाबून त्याच कामावर परत खाली बसायचं, हे मला पटत नव्हतं. दुसरी गोष्ट घरच्यांना कुणी सांगितलीच नव्हती: इंजेक्शननंतर तीन महिन्यांच्या आत सांधा बदलला तर इन्फेक्शनचा धोका वाढतो. म्हणजे तिसरं घेतलं की ऑपरेशनचा रस्ता तेवढे दिवस आपणच बंद करतो.

प्लेटलेटचं म्हणाल तर ऑस्ट्रेलियात २८८ जणांवर झालेल्या आणि २०२१ मध्ये आलेल्या ट्रायलमध्ये वर्षभरानंतर ना दुखण्यात ना कूर्चेत सलाइनपेक्षा काही वेगळं निघालं. ते पेशंट काकूंपेक्षा सौम्य आजाराचे होते. त्यांच्यात नाही तर इथं कुठून! सुनेला वाईट वाटलं, बिचारीनं मनापासून शोधलं होतं. ग्लुकोसामाइनवर १,५८३ जणांची अमेरिकन ट्रायल २००६ मध्येच आलीय, एकूण गटात फायदा दिसला नाही. डबा आणलाच होता तर संपवा म्हटलं, नवीन आणू नका. जाऊबाईंशी वाद घालून घरातली शांतता घालवण्यात काय अर्थ.

दुर्बिणीतून मूळ शिवण्याचा पर्याय सर्जननी स्वतःच बाजूला ठेवला. ते ऑपरेशन कूर्चा शाबूत असताना, पाय सरळ असताना, लवकर केलं तर. आता कूर्चा गेलेली, पाय वाकलेला, वजन जास्त. नुसती दुर्बिणीतून साफसफाई करायचा तर प्रश्नच नाही, २००२ मध्ये ह्यूस्टनला १८० पेशंटवर खोट्या ऑपरेशनशी तुलना करून ते पुरतं उघडं पडलं.

राहिलं ते गुडघा बदलणं. इथं मुलाचं म्हणणं निम्मं बरोबर होतं. उजवा कधी ना कधी बदलावा लागणार हे एमआरआय बघून सगळ्यांनाच दिसत होतं. पण डावा? जो दुखत नाही तो एक्स-रेवरून बदलायचा? सर्जन स्पष्ट बोलले, मी फिल्मचं ऑपरेशन करत नाही. शिवाय दोन्ही एकदम म्हणजे हृदय-फुप्फुसावर जास्त ताण, आणि काकूंचं बीपी त्या दिवशी १५४/९६.

बीपीवरून आठवलं, तपासण्यांत क्रिएटिनिन (किडनीचं काम कसं चाललंय ते दाखवणारा रक्तातला आकडा) १.४, म्हणजे जास्त आलं होतं. महिनोन्महिने खाल्लेल्या वेदनाशामकांचा प्रताप, त्यात बीपीची गोळी टेल्मिसार्टन, ही जोडी किडनीला बरी नाही. ऑपरेशन लगेच न करण्याचं हे एक मोठं कारण ठरलं, गुडघ्यापेक्षा मोठं.

काय केलं

ठरलं असं की तीन महिने नीट व्यायाम, औषधं बदलणं, कामाची बैठक बदलणं, आणि मग परत बसून ठरवायचं. आधीच लिहून ठेवलं की रात्रीचं दुखणं गेलं नाही किंवा उठता-बसता येईना तर उजव्याचं ऑपरेशन, आणि मग कुणी "अजून थोडं थांबू" म्हणायचं नाही. हे लिहून ठेवणं मला सगळ्यात महत्त्वाचं वाटतं. नाहीतर पेशंट व्यायाम करतो आणि घरचे तारीख ठरवतात. डेन्मार्कच्या एका ट्रायलचा आधार होता, १०० जण, सगळे ऑपरेशनला पात्र, निम्म्यांना ऑपरेशन आणि व्यायाम, निम्म्यांना ऑपरेशनशिवाय सगळं. ऑपरेशनवाल्यांना जास्त आराम पडला, पण दुसऱ्या गटातल्या साधारण एक चतुर्थांश लोकांनाच वर्षभरात ऑपरेशन लागलं. म्हणजे वाट बघून बघायला हरकत नव्हती, आणि वाट बघणं म्हणजे फसवणूकही नव्हती.

गोळ्या बंद, त्याऐवजी डायक्लोफेनॅकचं जेल दिवसातून तीनचार वेळा आणि गरजेपुरतं पॅरासिटामॉल. फिजिशियनकडं बीपी. सर्जननी एकदा सुईनं पाणी काढलं.

व्यायामात भारी काही नव्हतं. मांडीचा पुढचा स्नायू आवळून धरणं, पाय सरळ उचलणं, उंच खुर्चीवरून हळू उठणं-बसणं, कुशीवर झोपून पाय बाजूला उचलणं, पुढं पायरीवर चढ-उतार. नियम एकच दिला: व्यायाम करताना दुखलं तर चालेल, पण दुसऱ्या दिवशी सकाळपर्यंत आधीच्या पातळीवर आलं पाहिजे. नाही आलं तर दुसऱ्या दिवशी निम्मं करा, बंद नका करू. काकूंना पहिले दोन आठवडे हे पटेना, "झिजलेला अजून झिजवायचा काय?" असं त्या म्हणायच्या. बरोबरच आहे, सगळ्यांनी आयुष्यभर त्यांना आरामच सांगितला होता. कूर्चेला खाणं हालचालीतूनच मिळतं हे मटकीच्याच ओघात सांगितलं तेव्हा कुठं गाडी पुढं सरकली.

सगळ्यात जास्त वेळ लागला तो शेगडीला. उभ्यानं पोळ्या लाटायच्या तर ओटा हवा, ओट्याची उंची काकूंच्या कोपरापासून मोजून घेतली, नाहीतर गुडघा वाचतो आणि कंबर जाते. गावातल्या वेल्डरनं लोखंडी स्टँड करून दिला, बाजूला उंच स्टूल, दर वीसेक पोळ्यांनी बूड टेकवायचं. उभ्यानं पोळी गोल येत नाही अशी तक्रार आठवडाभर होती. मदतीला एक मुलगी ठेवली, डबे तिनं भरायचे. घरी कमोडची खुर्ची. काठी डाव्या हातात धरा म्हटलं, दुखऱ्या पायाच्या उलट्या हातात, तर ती त्यांनी शेवटपर्यंत बाहेर नेलीच नाही. "काठी बघितली की गिऱ्हाईक विचारतंय, आता केंद्र कोण चालवणार." ह्यावर माझ्याकडं उत्तर नव्हतं.

वजनाचा हिशेब मात्र त्यांना लगेच कळला, व्यापारी बाई. एक किलो उतरलं की प्रत्येक पावलाला गुडघ्यावरचा भार साधारण चार किलोनं कमी होतो. केंद्रातली उरलेली भाजी-पोळी रात्री खाऊन संपवायची सवय होती, ती मदतनीस मुलीच्या डब्यात जायला लागली.

काय झालं

तीन महिन्यांनी दुखणं आठवरून पाचवर, उठ-बस सहावरून दहावर, वजन ७८. क्रिएटिनिन १.१. डावा गुडघा एकदम झकास. पण उजव्याचं रात्रीचं दुखणं राहिलंच, आणि पाय अजून थोडा वाकला. लिहून ठेवलेल्या कागदाप्रमाणं उत्तर स्पष्ट होतं, ऑपरेशन. काकूंनी तारीख मागितली ती दिवाळीनंतरची, फराळाच्या ऑर्डरी होत्या. मुलगा चिडला. सर्जन म्हणाले सहा महिन्यांनी ऑपरेशन अवघड होणार नाही, व्यायाम चालू ठेवायच्या अटीवर जमेल. मला वाटतं हा निर्णय काकूंचाच होता आणि त्यांनी तो नीट घेतला.

नोव्हेंबरच्या शेवटी उजव्याच गुडघ्याचं ऑपरेशन झालं, तेव्हा वजन ७५. खर्चाबद्दल एक सांगते कारण बरेच जण विचारतात: ऑगस्ट २०१७ मध्ये एनपीपीएनं (औषधांच्या किमतींवर लक्ष ठेवणारी केंद्र सरकारची संस्था) नेहमीच्या कोबाल्ट-क्रोमियम इम्प्लांटची कमाल किंमत ५४,७२० रुपये ठरवली, नंतर आकडे बदलत गेलेत, पण ती फक्त इम्प्लांटची. हॉस्पिटलचं पॅकेज त्याच्या वर. मुलानं दोन ठिकाणी आकडा विचारला तेव्हा फरक इम्प्लांटचा नव्हता, खोलीचा होता.

काढलेलं हाड सर्जननी फोटोत दाखवलं. आतल्या बाजूला कूर्चा नावालाही नाही, हाड हस्तिदंतासारखं गुळगुळीत चकचकीत, आणि एका इंचावर बाहेरच्या बाजूला पांढरीशुभ्र जाड कूर्चा, जवळजवळ तरुण माणसाची. एकाच गुडघ्यात. वय, रक्त, जेवण सगळं दोन्ही बाजूंना तेच होतं, वेगळा होता तो भार.

दुसऱ्या दिवशी वॉकरवर उभ्या राहिल्या. सहा आठवड्यांनी गुडघा ११० अंशांपर्यंत वाकायला लागला, आधीचा स्नायू तयार असल्याचा फायदा इथं दिसला. तीन महिन्यांनी स्टँडसमोर परत. नाराजी एकाच गोष्टीवर राहिली, देवळात खाली बसता येत नाही, खुर्ची घेऊन मागं बसावं लागतं. हे ऑपरेशनआधी सांगितलं होतं, पण सांगणं आणि बसणं ह्यात फरक असतो.

कुठं वेगळं करता आलं असतं

सगळ्यात आधी मे महिन्यातला आवाज. पन्नाशीनंतरच्या, वजन जास्त असलेल्या बाईला खाली बसून उठताना गुडघ्याच्या मागं आवाज आला आणि लगेच सूज आली तर मेनिस्कसचं मूळ डोक्यात यायला हवं. तेव्हा एमआरआय झाला असता तर शिवलं असतंच असं नाही, बीएमआय ३५ ला बरेच सर्जन विचार करतात. पण निदान खाली बसणं त्या दिवशी थांबलं असतं, आठ महिन्यांनी नाही.

एक्स-रे उभ्यानं काढणं ह्याला पैसा लागत नाही, एक वाक्य लागतं चिठ्ठीवर. झोपवून काढलेल्या फिल्ममध्ये भार नसतो, गॅप फसवी दिसते. माझ्याकडं येणाऱ्या फिल्म अजूनही निम्म्या झोपवूनच काढलेल्या असतात, आणि मग वेगळा काढायला सांगितलं की पेशंटला वाटतं मॅडमचं कमिशन आहे.

वेदनाशामक गोळ्या मेडिकलमधून चिठ्ठीशिवाय मिळत राहिल्या, आणि बीपी का वाढतंय हे बीपी बघणाऱ्या डॉक्टरांना कळायला मार्ग नव्हता कारण गुडघ्याची गोळी ही "औषध" म्हणून काकूंनी कधी सांगितलीच नाही. आता मी पहिल्याच भेटीत पिशवी टेबलावर उलटी करायला सांगते.

तीन महिन्यांऐवजी लगेच ऑपरेशन केलं असतं तर? मुलगा अजूनही म्हणतो की आईनं उगाच सहन केलं. उजव्यापुरतं त्याचं म्हणणं खोडता येत नाही, शेवट तोच झाला. पण क्रिएटिनिन १.४ आणि बीपी १५४ घेऊन टेबलावर जाणं, तेही दोन्ही गुडघ्यांसाठी, हा वेगळा सौदा झाला असता.

डाव्याचं सध्या असं आहे: दुखणं दोनतीन, वजन ७४ ते ७६ मध्ये खालीवर, व्यायाम आठवड्यातून तीनदा चालू, लग्नसराईत बुडतो. दर वर्षी एक्स-रे काढायचा नाही असं ठरलंय. गुडघ्याच्या मागं अचानक कळ किंवा आवाज, एकदम सूज, रात्री जाग येणं, ह्यातलं काही झालं तर त्याच आठवड्यात यायचं, आणि हे मदतनीस मुलीलाही सांगून ठेवलंय, कारण काकू स्वतः येणार नाहीत.